दोन दगडांमधली दरज

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज आपण वाटेबद्दल बोलणार आहोत. रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत, घरापासून नळापर्यंत, टपरीपासून गोठ्यापर्यंत जी पायवाट असते, ती दगडाची करायची ठरली तर दगडांच्या मधे काय भरायचं, एवढाच आजचा विषय. दोन दगडांमधल्या त्या बोटभर फटीला गवंडी दरज म्हणतात. दरजा भरायला हल्ली बाजारात इतक्या वस्तू आल्या आहेत की बाई दुकानात जाते आणि गोंधळून परत येते. एक म्हणतो सिमेंट घ्या. दुसरा म्हणतो, पाणी मारलं की घट्ट होणारी तयार वाळू आलीय, ती घ्या. तिसरा दोन डब्यांतली राळ पुढे करतो. आणि घरी सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी चुना होता, अजून हलला नाही.

शनिशिंगणापूरकडच्या बायकांना हा विषय जरा जास्तच जवळचा आहे. त्या गावात घरांना चौकट असते, दार नसतं, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०११ साली युको बँकेनं तिथं कुलूप नसलेली शाखा काढली, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. बातमी लिहिणाऱ्यांचं लक्ष चोरीकडे असतं. झाडू जिच्या हातात असतो तिला विचारा. दार नाही, म्हणजे अंगण आणि घर यांच्या मधे काही नाही. चोर येवो न येवो, धूळ मात्र रोज येते, आणि पावसाळ्यात चिखल थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो. वाट चांगली असणं ही तिथं शोभेची गोष्ट नाही, ती रोजच्या दोन वेळच्या झाडलोटीची गोष्ट आहे. शिवाय शनिवारी आणि अमावास्येला माणसांची रीघ. गटातल्या कुणाची चहाची टपरी, कुणाच्या दोन खोल्या भाड्यानं, कुणाची रसवंती. गिऱ्हाईक चिखलातून आत येत नाही, पुढच्या टपरीवर जातं.

म्हणून गटाचे जमलेले पैसे वाटेत घालायचे तर ते वाया जाता कामा नयेत. आणि वाया जाण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे महागाची वस्तू आणून चुकीच्या जमिनीवर ओतणे.

आपली जमीन बघा. नेवासा तालुका म्हणजे बराचसा काळ्या मातीचा. मुळा आणि जायकवाडीच्या पाण्यावर ऊस उभा आहे तो याच मातीत. ही माती पिकाला आई आहे, पण बांधकामाला सावत्र. एप्रिल-मेमध्ये हिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस पडला की ती फुगते. म्हणजे तुमच्या वाटेखालची जमीन वर्षातून एकदा आकसते आणि एकदा वर येते. वर तुम्ही दगड आणि सिमेंटची एकसंध, ताठ फरशी केली, तर ती मातीबरोबर वाकू शकत नाही. वाकता येत नाही म्हणून मग ती तडकते. तडा बहुतेक वेळा दरजेतूनच जातो. मग आपण म्हणतो सिमेंट भेसळीचं होतं, मिस्त्रीनं माल पातळ केला. कधी कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा सिमेंटचा काही दोष नसतो, खालची माती हललेली असते.

तेव्हा दरजेत काय भरायचं हे ठरवण्याआधी खाली काय घालायचं ते ठरवा. वाटेच्या जागेवरची काळी माती साधारण नऊ इंच काढून टाका. ती शेतात किंवा परसबागेत घाला, तिथं ती सोनं आहे. खड्ड्यात सहा इंच मुरूम, पण एकदम ओतू नका. तीन इंच टाका, पाणी शिंपडा, धुमसानं चोपा. मग पुन्हा तीन इंच, पुन्हा पाणी, पुन्हा धुमस. त्यावर दोन इंच बारीक कच. त्यावर दगड. घाई नसेल तर मुरमाला एक पावसाळा खाऊ द्या. पावसात तो जिथं बसायचा तिथं बसतो, आणि मग दिवाळीनंतर वरचं काम करा. मला विचाराल तर हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा उपाय आहे, कारण यात विकण्यासारखं काही नाही, म्हणून दुकानदार तो सांगत नाही.

मुरूम लांबून आणावा लागत असेल आणि महाग पडत असेल, तर काळ्या मातीतच चुना मिसळायची एक पद्धत आहे. रस्त्याच्या कामात ती वापरतात. कोरड्या मातीच्या वजनाच्या तीन ते पाच टक्के विरलेला चुना, म्हणजे शंभर किलो मातीला तीन ते पाच किलो. ढेकळं फोडून, सारखं मिसळून, ओलसर करून चोपायचं. चुन्यामुळे मातीचा चिकटपणा आणि फुगणं दोन्ही कमी होतं. पण मिसळणं खरोखर सारखं झालं पाहिजे. वरवर चुना भुरभुरवून काही होत नाही.

आणि पाणी. वाटेला उतार हवाच, आणि तो घराकडून बाहेर हवा. चार फूट रुंदीला एक इंच उतार पुरतो. डोळ्यांना दिसतही नाही, पण पाण्याला कळतो. पारदर्शक नळीत पाणी भरून मिस्त्री लेव्हल काढतात, ती तुमच्यासमोर काढायला लावा. जिथं दारच नाही तिथं उतार उलटा झाला तर पहिल्या वळवाच्या पावसात घरात पाणी शिरतं.

आता थोडा हिशेब करू, म्हणजे दरजेचं महत्त्व किती आणि खर्च किती ते कळेल. समजा, वाट चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद. झाली एकशे साठ चौरस फूट. सहा इंच मुरूम म्हणजे चोपून झाल्यावर ऐंशी घनफूट. चोपल्यावर तो बसतो, म्हणून आणताना एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट आणायचा. दोन इंच कच म्हणजे सुमारे पाव ब्रास. दोन फूट बाय एक फुटाच्या दीड इंच जाडीच्या लाद्या घेतल्या तर ऐंशी लागतील. त्यांच्या मधे अर्ध्या इंचाच्या दरजा ठेवल्या, तर सगळ्या दरजा मिळून भरायचा माल होतो जेमतेम सव्वा घनफूट. एकास तीन प्रमाणात तो सिमेंटचा केला, तर सिमेंट लागतं गोणीच्या एक तृतीयांश. ऐकलंत? एवढ्या मोठ्या वाटेच्या दरजा भरायला एक गोणीही लागत नाही. लाद्या कचेवर न ठेवता एक इंच जाडीच्या एकास सहा मालावर बसवल्या, तर त्याला आणखी दोन गोण्या.

म्हणजे दरजेतला माल हा सगळ्या खर्चातला सर्वांत छोटा भाग आहे. तिथं पैसे वाचवायला जाऊ नका, आणि तिथं भारी वस्तू घातली म्हणजे खालचा मुरूम वाचवता येईल असंही समजू नका.

आता एकेक वस्तू घेऊ.

सगळ्यात आधी, काहीच न चिकटवणं. म्हणजे दरजेत फक्त बारीक कच किंवा वाळू झाडून भरायची. हे ऐकून बायका हसतात, म्हणतात हे तर कच्चं काम. पण आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांचे दगड चुन्याशिवाय बसवलेले आहेत. अकोले तालुक्यात रतनवाडीचं अमृतेश्वर बघितलं असेल, तर कल्पना येईल. दगड दगडाच्या वजनावर आणि घडाईवर उभा आहे. आपल्या वाटेचं तत्त्व तेच. कडेला उभे दगड घट्ट पुरले, तेवढे मात्र सिमेंटमध्ये पक्के केले, की आतल्या लाद्या सरकायला जागाच उरत नाही. काळी माती थोडी हलली तर लाद्या थोड्या हलतात, पण फुटत नाहीत. एखादी खचली तर पहारीनं उचलायची, खाली मूठभर कच घालायची, पुन्हा बसवायची. नळाची पाइपलाइन टाकायची झाली तर लाद्या काढून ठेवा, काम झालं की परत लावा. सिमेंटची फरशी फोडली की तिचा राडा होतो. पावसाचं पाणीही दरजांतून खाली मुरतं. सिमेंटचे पेव्हर ब्लॉक याच पद्धतीनं बसवतात. ते घेत असाल तर पायी चालायला साठ मिलिमीटर जाडीचे, ट्रॅक्टर-गाडी जाणार असेल तर ऐंशी मिलिमीटरचे.

याची दुसरी बाजूही सांगते. मुंग्या वाळू बाहेर काढतात. गवत उगवतं. पहिल्या पावसाळ्यात कच खाली बसते आणि दरजा पुन्हा भराव्या लागतात. आणि जोरात पाणी पडतं तिथं, म्हणजे पन्हळीखाली किंवा नळाच्या धारेखाली, ही पद्धत टिकत नाही. खराट्यानं जोरजोरात झाडायची सवय असेल तर कचही झाडली जाते. माझं मत विचाराल, तर काळ्या मातीत, पायी चालण्याच्या वाटेसाठी मी हीच पद्धत आधी विचारात घेईन. पक्कं म्हणजे न हलणारं, असं आपल्याला वाटतं. हलून पुन्हा जागेवर आणता येतं, तेही पक्कंच म्हणायला हवं.

चुन्याकडे येऊ. अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला, १५८३ साली पुरा झालेला फराहबाग महाल, डोंगरावरची सलाबतखानाची कबर, जिला आपण चांदबिबीचा महाल म्हणतो, ही सगळी बांधकामं सिमेंट जन्माला यायच्या कितीतरी आधीची. आज आपण जे सिमेंट वापरतो त्याचं पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ साली निघालं. त्याआधी आपल्याकडे दगडाला दगड जोडायला चुना होता. चुनखडी भट्टीत भाजायची, की चुनकळी तयार होते. तिच्यावर पाणी घातलं की ती उकळ्या फुटून विरते. मग वाळू आणि विटांची पूड, म्हणजे सुरकी, घालून घाणीत मळायची. गोल चर, त्यात दगडी चाक, आणि फिरवायला बैल. शिंगणापूरच्या वाटेवर बैल जुंपलेल्या रसवंत्या दिसतात ना, तसाच बैल गोल गोल फिरायचा. कुठे गूळ, कुठे हिरडा, कुठे बेलफळाचा गर घालायचे.

चुन्याचा गुण असा, की तो हळूहळू, हवेतून कर्बवायू घेत महिनोन्‌महिने घट्ट होत जातो. सिमेंटएवढा कडक होत नाही, आणि तेच त्याचं बळ आहे. खालचं थोडं हललं तर थोडं सोसतो. बारीक भेगा पाणी आणि हवेच्या मदतीनं स्वतःच भरून काढतो. आतली ओल बाहेर जाऊ देतो. म्हणून जुना वाडा, जुना पार, जुनी विहीर, घाटाच्या पायऱ्या असतील, तर तिथल्या दरजा सिमेंटनं भरू नका. ओल बाहेर पडायची वाट बंद होते, ती दगडातून वाट काढते, आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. आधी चुना होता तिथं चुनाच.

नव्या वाटेला चुना चालतो का? चालतो. एक भाग चुना, एक भाग सुरकी, दोन भाग वाळू, असा साधारण माल. पण धीर लागतो. पहिले काही दिवस ओल टिकवायची, पावसाच्या माऱ्यापासून झाकायचं, लगेच वर्दळ नको. आणि चुन्यात काम केलेला गवंडी मिळाला पाहिजे. तो मिळत नसेल तर हट्ट करू नका. हौसेनं केलेलं चुन्याचं कच्चं काम पहिल्याच पावसात वाहून जातं.

सिमेंट आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. मुरूम चांगला चोपलेला असेल, माती फार काळी नसेल, किंवा नळाजवळ, मोरीजवळ, जिथं रोज पाणी सांडतं तिथं वाट असेल, तर सिमेंटच बरं. दरजेला एकास तीन, लादीखाली एकास सहा. लांब वाटेचा किंवा अंगणाचा सलग कोबा करत असाल तर दर आठ-दहा फुटांवर फट सोडा. सिमेंट वाळताना आकसतं. फट तुम्ही सोडली नाही तर ते स्वतःच्या मर्जीनं फट पाडतं. कडुनिंबाच्या किंवा पिंपळाच्या बुंध्याभोवती तीन-चार फुटांत सिमेंट घालूच नका. तिथं कचेतल्या लाद्या ठेवा. मुळाला पाणी मिळेल, आणि मूळ वाढलं तरी सगळी फरशी उचलणार नाही.

गोणी घेताना तिच्यावर छापलेला आठवडा आणि वर्ष वाचा. तीन महिन्यांहून जुनी असेल तर नको. हात आत घातला तर थंड लागलं पाहिजे, गठळ्या नकोत, चिमटीत रगडलं तर पिठासारखं मऊ. वाळू किंवा कचेची परीक्षा घरीच होते. काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. खाली वाळू बसते, तिच्यावर गाळाचा थर बसतो. दहा बोटं वाळूवर एक बोट गाळ असेल तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नका.

आता एक गोष्ट खास ऊसवाल्या भागासाठी. सिमेंटला साखरेचं वावडं आहे. अगदी थोडी साखर गेली तरी सिमेंट वेळेवर आवळत नाही, आणि थोडी जास्त झाली तर आवळतच नाही. पन्नास किलोच्या गोणीला मूठभर साखरही घात करते. म्हणून गुळाची काहिली, रसाचा पिंप, गुळाच्या ढेपेचं बारदान यांच्या जवळपास माल कालवू नका. ते घमेलं, ती बादली धुऊन घ्या. आणि कुणी म्हणालं की पूर्वी चुन्यात गूळ घालायचे, आपण सिमेंटमध्ये घालू, तर तिला थांबवा. चुन्याला जे मानवतं ते सिमेंटला मानवत नाही. रसवंतीपुढची वाट करत असाल तर काम होईपर्यंत चोथा आणि रस तिकडे येऊ देऊ नका.

भरून झाल्यावर पाणी मारणं. यात आपल्याकडे फार कुचराई होते. माल कालवल्यावर अर्ध्या तासात वापरायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून कमीत कमी सात दिवस ओला ठेवायचा. हल्ली बहुतेक गोण्या राख मिसळलेल्या सिमेंटच्या असतात. त्यांना दहा दिवस द्या, उन्हाळ्यात तर नक्कीच. दिवसातून दोनदा नळी फिरवली आणि मधे दुपारी सगळं कोरडं पडलं, तर उपयोग नाही. ओलं बारदान पसरून ठेवा, कमी पाण्यात काम भागतं. पाणी मारायची जबाबदारी गटात वाटून घ्या, वार लावून घ्या. मिस्त्री पैसे घेऊन जातो, पाणी मारायला आपणच असतो.

आता बाजारातल्या नव्या वस्तू. ती तयार वाळू, जिला दुकानदार पॉलिमर सँड म्हणतात, ती म्हणजे बारीक वाळूत मिसळलेली चिकट भुकटी. कोरड्या लाद्यांवर पसरायची, दरजांत झाडून भरायची, वर राहिलेली भुकटी अगदी स्वच्छ झाडून काढायची, मग हलकं पाणी फवारायचं. ती आवळते, पण सिमेंटसारखी ताठ होत नाही. थोडी लवचीक राहते, मुंग्या आणि गवत बऱ्यापैकी रोखते. वस्तू वाईट नाही. पण तिच्या अटी कडक आहेत. लाद्या पूर्ण कोरड्या हव्यात. काम झाल्यावर निदान एक दिवस पाऊस नको. वर भुकटी राहिली तर काळ्या दगडावर पांढुरका डाग बसतो आणि तो जाता जात नाही. आणि खाली पाणी मुरायला जागा हवी. पाणी दरजेत साठून राहिलं तर ती पुन्हा मऊ पडते. म्हणजे हिलाही खालचा मुरूम लागतोच.

सुटे गोटे किंवा खडी पसरून त्यावर ओतायचा दगडचिकट नावाचा द्रवही मिळतो. कुंड्यांभोवती, झाडाच्या आळ्यात, जिथं पाय पडत नाही तिथं तो बरा. आपल्याकडे अडचण धुळीची आहे. धूळ बसलेल्या दगडाला कुठलाही डिंक चिकटत नाही, तो धुळीलाच चिकटतो. दगड धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय ओतलात तर चार महिन्यांत गोटे सुटे होतील. वर्दळीच्या वाटेवर मी तो घालणार नाही.

दोन डब्यांची राळ, म्हणजे एपॉक्सी, फार घट्ट धरते आणि तेल-पाणी पिऊन घेत नाही. पण ती महाग आहे, मिसळल्यावर थोड्या वेळात वापरून संपवावी लागते, आपल्या उन्हात तर फारच लवकर आवळते, आणि उघड्यावर काही वर्षांत पिवळी पडते. टपरीच्या आतल्या ओट्याला ठीक. अंगणाला नको. त्यापेक्षा सिमेंटच्या मालात पाण्याबरोबर घालायचं दुधासारखं लॅटेक्स मिळतं, ते थोडं घातलं तर माल दगडाला जास्त धरतो आणि थोडं सोसतोही. डब्यावरचं प्रमाण पाळा, अंदाजानं ओतू नका.

शिंगणापूरची आणखी एक अडचण तेलाची. शनीला तेल वाहायची प्रथा, त्यामुळे पिशव्या, बाटल्या, सांडलेलं तेल हे तिथल्या दुकानांपुढे रोजचंच. तेल दरजेत मुरतं. खाद्यतेल जुनं झालं की आंबतं, त्यातून आम्ल तयार होतं, आणि ते सिमेंट हळूहळू खातं. पण त्याहून मोठा धोका घसरण्याचा आहे. भाविकांत म्हाताऱ्या बायका असतात, कडेवर पोर घेतलेल्या असतात, आणि पुष्कळ जण अनवाणी असतात. म्हणून तेल सांडतं तिथं घोटलेली, पॉलिश केलेली लादी नकोच. टाकी मारलेला खडबडीत दगड घ्या, आणि दरजा दगडाच्या वर न आणता किंचित खाली ठेवा, म्हणजे पायाला पकड मिळते. तेल सांडलं की आधी राख किंवा भुसा टाकून शोषून घ्या, मग गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. लिंबू, चिंच किंवा संडासाचं ॲसिड वापरू नका. शहाबादी फरशी हा चुन्याचाच दगड आहे. आम्ल पडलं की तीही झिजते, आणि दरजेतला चुना, सिमेंटही. हाती आलेला दगड कोणता हे कळत नसेल तर तुकड्यावर लिंबाचे दोन थेंब टाका. फेस आला तर शहाबादीच्या जातीचा, नाही आला तर आपला काळा पाषाण. तो मजबूत खरा, पण दुपारी इतका तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही. जिथं सावली नाही तिथं फिक्या रंगाचा दगड बरा पडतो.

आता तुमच्या हातांबद्दल. वाटेचं काम निघालं की थापी मिस्त्रीच्या हातात आणि घमेलं बाईच्या डोक्यावर असतं. ओलं सिमेंट कातडी जाळतं. लगेच आग होत नाही, म्हणून कळत नाही. गुडघे टेकून दरजा भरताना ओली साडी दोन तास अंगाला लागून राहिली, तर संध्याकाळी गुडघ्याला फोड आलेले असतात. रबरी हातमोजे आणि गुडघ्याखाली प्लॅस्टिकचा कागद, हा खर्च वाटेच्या अंदाजपत्रकातच धरा. चुनकळी विरवताना पोरांना लांब ठेवा, वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहा, डोळ्यांना चष्मा लावा. चुना किंवा सिमेंट डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही. स्वच्छ पाण्याची धार किमान पंधरा-वीस मिनिटं सोडायची आणि तसंच डॉक्टरकडे जायचं. लादी यंत्रानं कापायची असेल तर पाणी सोडून कापायला लावा. कोरड्या दगडाची धूळ छातीत बसते आणि ती परत निघत नाही.

शेवटी, गटाचे पैसे खर्च करण्याआधी एक काम करा. सगळी वाट एकदम धरू नका. दोन फूट बाय दोन फुटाचे तीन तुकडे आधी करा, वाटेच्या सुरुवातीलाच, जिथून सगळ्या जातात. खाली मुरूम तिघांनाही सारखाच. एकात कच, दुसऱ्यात सिमेंट, तिसऱ्यात तुम्हाला दुकानदारानं सांगितलेली ती नवी वस्तू. बाजूला खडूनं नव्हे, रंगानं तारीख लिहा. उन्हाळ्याच्या आधी हे केलंत तर एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यांच्यावरून जाऊ द्या. मेच्या शेवटी भेगा बघा, ऑगस्टमध्ये उठलेल्या कडा बघा, आणि दसऱ्याला गटाच्या बैठकीत तिन्ही तुकडे सगळ्यांना दाखवा. खर्चाची वही शेजारी ठेवा. घोडेगावच्या बाजारात दुकानदार काहीही म्हणाला तरी, तुमच्या मातीवर काय टिकलं ते त्या दिवशी तुमच्यासमोर असेल.